मनाचा आजार, परकी भाषा : लॅटिनो रुग्णांसाठी अमेरिकेत घडताहेत नवे उपचारक

१९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका रुग्णालयात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत दाखल करण्यात आले. सोबत आलेले त्याचे कुटुंबीय क्युबन होते आणि स्पॅनिश बोलत होते. मुलाला काय झाले, हे सांगताना त्यांनी 'इन्तॉक्सिकादो' असा शब्द वापरला. क्युबन बोलीत या शब्दाचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, असा होतो. डॉक्टरांना मात्र त्यात 'नशा' ऐकू आली. या तरुणाने हेतुपुरस्सर अमली पदार्थांचे अतिसेवन केले असावे, असा निष्कर्ष काढून त्या दिशेने उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनी ही गोष्ट लक्षात आली, तोपर्यंत त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे निकामी झाले होते. पुढे नुकसानभरपाईपोटी सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली. एका शब्दाची ही किंमत होती. व्यावसायिक दुभाषी बोलावण्याची गरज त्या दोन दिवसांत कोणालाही वाटली नव्हती.

अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणात ही घटना आजही उदाहरण म्हणून सांगितली जाते. मेंदूतला रक्तस्राव निदान यंत्रावर दिसू तरी शकतो. नैराश्य, चिंताविकार किंवा आघातानंतरचा मनोविकार मात्र कोणत्याही क्ष-किरणात दिसत नाही. तेथे रुग्ण काय बोलतो, कसे बोलतो आणि काय बोलायचे टाळतो यावरच निदान उभे राहते. त्यामुळे रुग्ण आणि उपचारक यांची भाषा वेगळी आणि जगण्याची रीतही वेगळी असेल, तर चुकीला सर्वाधिक वाव मानसोपचारातच असतो. या जाणिवेतूनच लॅटिनो समाजाला योग्य मानसिक आरोग्यसेवा देऊ शकतील असे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ते घडविण्याचे प्रयत्न अमेरिकेत गेल्या काही दशकांपासून सुरू आहेत. हे प्रशिक्षण नेमके काय असते, त्याने काय साधले आणि ते कोठे अपुरे पडते, हे समजून घेण्याजोगे आहे.

गरज किती मोठी?

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत लॅटिनो किंवा हिस्पॅनिक म्हणून नोंद झालेल्यांची संख्या ६ कोटी २१ लाख आहे. एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के, म्हणजे जवळपास दर पाच जणांमागे एक. २००० साली हाच आकडा साडेतीन कोटींच्या आसपास होता. घरात स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. त्यातील अनेकांना इंग्रजी उत्तम येते, परंतु इंग्रजीत अडखळणाऱ्यांची संख्याही कोटीच्या घरात आहे.

या समाजाच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न सरकारी पातळीवर ठळकपणे मांडला गेला तो २००१ मध्ये. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डेव्हिड सॅचर यांनी संस्कृती, वंश आणि मानसिक आरोग्य यांवरील एक अहवाल प्रसिद्ध केला. मनोविकार असलेल्या हिस्पॅनिक अमेरिकनांपैकी ११ जणांमागे एकापेक्षाही कमी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचतात, असे त्यात नमूद होते. परदेशात जन्मून स्थलांतरित झालेल्यांमध्ये हे प्रमाण २० जणांमागे एकापेक्षाही कमी होते. उपचार देणाऱ्यांचे चित्रही असेच होते. दर एक लाख लॅटिनो लोकसंख्येमागे अवघे २९ लॅटिनो मानसोपचार व्यावसायिक होते. गोऱ्यांच्या बाबतीत हाच आकडा १७३ होता.

त्यानंतर परिस्थिती सुधारली, पण दरी बुजली नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत स्पॅनिशमधून सेवा देऊ शकतो, असे सांगणारे मानसशास्त्रज्ञ साडेपाच टक्क्यांच्या आसपासच निघाले. एवढ्या मोठ्या समाजाला स्वतःच्या भाषेत मन मोकळे करण्याची सोय देशभरात तुटपुंजीच राहिली. गोरे रुग्ण आणि लॅटिनो रुग्ण यांना मिळणाऱ्या उपचारांच्या प्रमाणात आजही लक्षणीय तफावत आढळते.

'लॅटिनो' म्हणजे कोण?

प्रशिक्षणाचा पहिला धडा येथूनच सुरू होतो. 'लॅटिनो' हा एकजिनसी समाज नाही. त्यात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ६० टक्के लोक मेक्सिकन वंशाचे आहेत. त्यांच्यातील अनेकांची घराणी पिढ्यान् पिढ्या टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहत आली आहेत. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिकच आहेत. त्यांना व्हिसाची चिंता नाही, मात्र गरिबी, बेट आणि मुख्य भूमी यांतली सततची ये-जा आणि २०१७ च्या मारिया चक्रीवादळासारखी संकटे त्यांच्या वाट्याला आली आहेत. क्युबन निर्वासितांची कहाणी १९५९ च्या क्रांतीपासून सुरू होते. ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरमधून आलेल्या अनेकांनी त्या देशांतील दीर्घ यादवी युद्धे पाहिलेली आहेत.

त्यातही एक आश्चर्यकारक बाब संशोधकांच्या लक्षात आली. विल्यम व्हेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परगण्यात केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकोत जन्मून अमेरिकेत आलेल्यांपैकी २४.९ टक्के जणांना आयुष्यात कधी ना कधी मनोविकार झाल्याचे आढळले. अमेरिकेतच जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांमध्ये मात्र हे प्रमाण ४८.१ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट होते. स्थलांतराचे हाल सोसलेली पिढी तुलनेने निरोगी आणि तेथे वाढलेली पिढी अधिक त्रस्त, हा विरोधाभास पुढे इतर अभ्यासांतही कमी-अधिक प्रमाणात दिसला. मार्गारिटा अलेग्रिया यांच्या नेतृत्वाखाली २००२-०३ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीने त्याला मर्यादाही घातल्या. सर्व गटांना आणि सर्व विकारांना हा नियम सारखा लागू पडत नाही, तसेच पोर्तो रिकन लोकांमध्ये मनोविकारांचे प्रमाण इतर लॅटिनो गटांपेक्षा अधिक आहे, असे त्यातून पुढे आले.

उपचारकासाठी याचा अर्थ सरळ आहे. समोर बसलेली व्यक्ती लॅटिनो आहे, एवढ्यावरून तिच्याविषयी फारसे काही कळत नाही. ती कोठून आली, कधी आली, कशी आली, कोणाला मागे ठेवून आली, हे विचारावेच लागते. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या काहींची मातृभाषा तर स्पॅनिशही नसते. किचे किंवा अन्य माया भाषा बोलणाऱ्या स्त्रीपुढे स्पॅनिश दुभाषी बसवला, तरी संवाद अर्धवटच राहतो.

मातृभाषेत वेगळे, इंग्रजीत वेगळे

भाषेचा निदानावर होणारा परिणाम संशोधकांनी फार पूर्वीच तपासला होता. लुईस मार्कोस आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधील स्किझोफ्रेनियाच्या स्पॅनिशभाषक रुग्णांच्या दोन्ही भाषांत मुलाखती घेतल्या. इंग्रजी मुलाखतीत तेच रुग्ण अधिक आजारी भासले. परकी भाषा बोलताना येणारे अडखळणे, तुटक उत्तरे, थंड स्वर यांची गणना परीक्षकांनी आजाराच्या लक्षणांत केली होती. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या नेमके उलट आढळले. रुग्ण मातृभाषेत मोकळेपणाने बोलला, तेव्हा त्याचे भास आणि भ्रम अधिक स्पष्टपणे बाहेर आले. निष्कर्ष परस्परविरोधी असले, तरी भाषा बदलली की उपचारकाला दिसणारा रुग्ण बदलतो, हे दोन्हींतून सिद्ध झाले.

त्यामुळे दुभाष्याबरोबर काम करणे हा प्रशिक्षणाचा एक स्वतंत्र भाग असतो. वरवर सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात कठीण आहे. उपचारकाने रुग्णाकडे पाहून, रुग्णाशीच बोलायचे असते. 'तिला विचारा, झोप लागते का?' असे दुभाष्याला सांगायचे नसते. भेटीपूर्वी दुभाष्याला प्रकरणाची कल्पना द्यायची आणि भेटीनंतर त्याच्याशी पुन्हा बोलायचे असते. रुग्णाचे बोलणे विस्कळीत असेल, तर ते नीटनेटके करून न सांगता जसेच्या तसे सांगावे, हेही आधीच बजवावे लागते. कारण चांगला दुभाषी सवयीने वाक्य सावरून घेतो आणि त्याबरोबर आजाराची खूणच पुसली जाते.

ग्लेन फ्लोरेस यांनी २००३ मध्ये बालरुग्णांच्या १३ भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रत्येक भेटीत भाषांतराच्या सरासरी ३१ चुका आढळल्या. त्यांतील ६३ टक्के चुकांचा उपचारांवर परिणाम होऊ शकला असता. त्यातील एका भेटीत दुभाष्याची जबाबदारी ११ वर्षांच्या भावंडाकडे होती. मानसोपचारात हा प्रकार अधिकच घातक ठरतो. आईने आत्महत्येचे विचार येतात असे सांगायचे आणि ते इंग्रजीत डॉक्टरांना सांगण्याचे काम तिच्याच मुलीने करायचे, हे दोघींवरही अन्याय करणारे आहे. अनेकदा आई ते सांगतच नाही. मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास अत्यंत तातडीची वेळ वगळता मनाई करणारा नियम अमेरिकेत २०१६ मध्ये झाला.

'तू' आणि 'उस्तेद'

स्पॅनिश येते म्हणजे सारे आले, असेही नाही. लॅटिनो घरात वाढलेले अनेक तरुण उपचारक घरी स्पॅनिश बोलतात, परंतु त्यांचे सारे व्यावसायिक शिक्षण इंग्रजीत झालेले असते. आजीशी स्वयंपाकघरात बोलण्याची भाषा आणि आघाताबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल किंवा औषधांच्या दुष्परिणामांबद्दल बोलण्याची भाषा एक नसते. नैराश्याचे निदान स्पॅनिशमध्ये समजावून सांगताना त्यांना शब्द सापडत नाहीत. त्यांच्या कामावर देखरेख करणारे वरिष्ठ इंग्रजीच बोलत असल्याने प्रत्येक भेटीचा वृत्तान्त त्यांना मनातल्या मनात भाषांतरित करून मांडावा लागतो. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील अवर लेडी ऑफ द लेक विद्यापीठाने स्पॅनिशभाषकांना मानसोपचार देण्यासाठी खास प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला, त्यामागे हाच अनुभव होता. तेथे व्यावसायिक स्पॅनिश शिकवली जाते आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामावरील देखरेखही स्पॅनिशमधून करण्यावर भर असतो. मॅसेच्युसेट्समधील विल्यम जेम्स कॉलेजने लॅटिनो मानसिक आरोग्याचा विशेष कार्यक्रम चालवताना विद्यार्थ्यांना काही आठवडे लॅटिन अमेरिकेत राहून भाषा व जीवन अनुभवण्याची जोड दिली.

मराठी वाचकाला यातील एक बारकावा सहज उमजेल. स्पॅनिशमध्ये एकेरी संबोधन 'तू' असेच आहे आणि आदरार्थी संबोधन 'उस्तेद' आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द. पंचविशीतील समुपदेशकाने साठीच्या मेक्सिकन गृहस्थांना पहिल्याच भेटीत 'तू' म्हटले, तर उपचार सुरू होण्यापूर्वीच संपण्याची शक्यता असते. वडीलधाऱ्यांचा मान राखणे, ज्याला स्पॅनिशमध्ये 'रेस्पेतो' म्हणतात, ही तेथे शिष्टाचारापलीकडची गोष्ट आहे. या आदरापोटीच रुग्ण डॉक्टरांना उलट प्रश्न विचारत नाही, पटले नाही तरी मान डोलावतो आणि पुढच्या भेटीला येत नाही. ही मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे, हे उपचारकाला शिकवावे लागते.

'फामिलिस्मो', अर्थात कुटुंबाला व्यक्तीपेक्षा वरचे स्थान देणारी वृत्ती, हा आणखी एक विषय. तिशीतील अविवाहित मुलगी आईवडिलांजवळ राहते आणि प्रत्येक निर्णय त्यांना विचारून घेते, हे अनेक अमेरिकी उपचारकांना अपरिपक्वतेचे लक्षण वाटत आले. 'स्वतःच्या पायावर उभी राहा, सीमारेषा आख' असा सल्ला तिला मिळतो. तिच्या दृष्टीने तो घर तोडण्याचा सल्ला असतो. अर्थात कुटुंब नेहमीच आधार असते, असेही नाही. घरातील हिंसाचार झाकण्यासाठीही कुटुंबाच्या अब्रूचा हवाला दिला जातो. कोठे आधार आहे आणि कोठे जाच, हे ओळखण्याचे कसब प्रशिक्षणातून यावे, अशी अपेक्षा असते. यांच्याच जोडीला 'पेर्सोनालिस्मो' आणि 'कॉन्फियान्सा' हे शब्द येतात. पहिल्याचा अर्थ पदापेक्षा माणसाशी जोडलेला आपलेपणा, दुसऱ्याचा अर्थ हळूहळू कमावलेला विश्वास. भेटीची पहिली दहा मिनिटे मुलाबाळांची चौकशी करण्यात गेली, तर तो वेळेचा अपव्यय ठरत नाही.

वेदनेचे स्थानिक नाव

कॅरिबियन बेटांवरील लोकांत, विशेषतः पोर्तो रिकोत, 'अटाके दे नेर्व्हिओस' नावाचा प्रकार परिचित आहे. शब्दशः अर्थ मज्जातंतूंचा झटका. निकटच्या व्यक्तीच्या मृत्यूची बातमी, घरातील मोठे भांडण अशा प्रसंगी व्यक्ती आक्रोश करू लागते, अंग थरथरते, छातीत उष्णता निर्माण होऊन ती डोक्याकडे चढल्यासारखी वाटते, काही वेळा शुद्ध हरपते. थोड्या वेळाने सारे शांत होते आणि अनेकदा घडलेले आठवतही नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करातील डॉक्टरांनी पोर्तो रिकन सैनिकांमध्ये हे पाहिले आणि त्याला चक्क 'पोर्तो रिकन सिंड्रोम' असे नाव देऊन टाकले.

पुढे मानववंशशास्त्रज्ञ पीटर ग्वार्नाचिया यांनी १९८५ च्या पुरानंतर पोर्तो रिकोत झालेल्या पाहणीतील माहिती अभ्यासली. सर्वसाधारण लोकसंख्येतील १६ टक्के व्यक्तींनी असा झटका कधीतरी आल्याचे सांगितले होते. म्हणजे ही विचित्र विकृती नव्हती. असह्य दुःख व्यक्त करण्याची ती समाजमान्य रीत होती. मात्र झटका येऊन गेलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंताविकारांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते. त्यामुळे उपचारकाने दोन्ही टोके टाळायची असतात. याला वेड समजून तीव्र औषधे द्यायची नसतात आणि 'त्यांच्यात असे होतेच' म्हणून दुर्लक्षही करायचे नसते.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ मधील चौथ्या आवृत्तीत अशा संकल्पनांना परिशिष्टात जागा मिळाली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत अशा नऊ संकल्पनांची सूची आहे. त्यात 'अटाके दे नेर्व्हिओस', 'नेर्व्हिओस' आणि भीतीने आत्मा शरीर सोडून जातो अशी समजूत असलेला 'सुस्तो' यांच्या शेजारी भारतीय उपखंडातील 'धात' सिंड्रोमही आहे.

पुण्याचा हातभार

याच पाचव्या आवृत्तीत १६ प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत समाविष्ट करण्यात आली. प्रशिक्षणात सध्या तिला महत्त्वाचे स्थान आहे. रुग्णाला त्याचा त्रास त्याच्या स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगणे, हा तिचा गाभा. हा त्रास घरच्यांना सांगताना तो काय म्हणतो, तो कशामुळे झाला असे त्याला वाटते, घरच्यांचे मत काय, आजवर कोणाकोणाची मदत घेतली, मदत घेण्यात कोणत्या अडचणी आल्या, असे प्रश्न त्यात येतात. आपण आणि डॉक्टर वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे असल्याने काही चिंता वाटते का, हेही शेवटी विचारले जाते. मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या प्रश्नांची छाया यावर स्पष्ट दिसते.

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे रॉबेर्तो लुईस-फर्नांडेझ यांच्या नेतृत्वाखाली या मुलाखतीच्या चाचण्या सहा देशांत झाल्या. अमेरिका, कॅनडा, पेरू, नेदरलँड्स आणि केनिया यांच्याबरोबर भारतही त्यात होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील रुग्णांवर ही मुलाखत वापरून पाहिली आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमधील डोमिनिकन स्त्रीला आज विचारले जाणारे प्रश्न पक्के होण्यात पुण्यातील रुग्णांच्या उत्तरांचाही वाटा आहे, असे म्हणता येते.

जाण की ठोकळे?

या प्रशिक्षणावर आक्षेपही आहेत आणि ते गंभीर आहेत. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये एक प्रसंग नोंदवला. शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी एक लॅटिनो स्त्री कण्हत होती. तिला खूप वेदना होत असाव्यात, असे तेथे आलेल्या लॅटिनो डॉक्टरांनी परिचारिकेला सांगितले. परिचारिकेने ते उडवून लावले. आपण नर्सिंगच्या शिक्षणात वेगवेगळ्या संस्कृतींविषयी अभ्यासक्रम केला असून हिस्पॅनिक रुग्ण वेदना वाढवून दाखवतात हे आपल्याला ठाऊक आहे, असे तिचे म्हणणे होते. शिक्षणाने तिचे कान उघडण्याऐवजी बंद केले होते.

यावर उपाय म्हणून या दोघींनी 'सांस्कृतिक विनम्रता' ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती आपण शिकून संपवली, असे कधीच होत नाही. आयुष्यभर स्वतःला तपासत राहणे आणि रुग्णाला त्याच्या जगण्याचा जाणकार मानणे, हा तिचा अर्थ. क्लाइनमन यांनीही २००६ मध्ये, संस्कृतीची यादी करून ती पाठ करण्याच्या पद्धतीवर टीका केली. 'मेक्सिकन असे वागतात, क्युबन तसे वागतात' असे ठोकळे हातात देणारे प्रशिक्षण पूर्वग्रहांनाच प्रतिष्ठा देते, हा या टीकेचा रोख आहे.

दुसरा प्रश्न परिणामांचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये ३४ अभ्यासांचा आढावा घेतला. प्रशिक्षणाने व्यावसायिकांचे ज्ञान वाढते आणि दृष्टिकोन सुधारतो, याचे पुरावे चांगले होते. त्यामुळे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढते का, याचे पुरावे मात्र अत्यल्प होते. एखाद्या दिवसाचे शिबिर, हजेरीचे प्रमाणपत्र आणि नंतर नेहमीचेच काम, या प्रकाराने फारसे साधत नाही, हे आता सर्वमान्य होत आहे. न्यू जर्सीने २००५ मध्ये डॉक्टरांच्या परवान्यासाठी असे प्रशिक्षण सक्तीचे केले, तेव्हाही केवळ सक्तीने काय साधणार, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

उपचारपद्धतीतच बदल केले, तर मात्र चित्र अधिक आशादायक दिसते. ग्रायनर आणि स्मिथ यांनी २००६ मध्ये ७६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. विशिष्ट समाजासाठी बेतलेले उपचार संमिश्र गटांना दिलेल्या उपचारांपेक्षा अधिक परिणामकारक ठरले आणि रुग्णाच्या मातृभाषेतील उपचार इंग्रजीतील उपचारांच्या तुलनेत दुप्पट परिणामकारक दिसले. पोर्तो रिको विद्यापीठाचे गिलेर्मो बेर्नाल यांनी असे उपचार बेतण्यासाठी आठ निकष मांडले. भाषा हा त्यांतील केवळ पहिला. उपचारक व्यक्ती, रूपके, आशय, संकल्पना, उद्दिष्टे, पद्धती आणि संदर्भ हे उरलेले सात. वाक्प्रचार आणि म्हणी यांचा उपचारात वापर करणे ही त्यातूनच आलेली साधी, पण उपयोगी रीत.

सॅन फ्रान्सिस्को जनरल रुग्णालयात रिकार्डो मुन्योस यांनी १९८० च्या दशकात गरीब रुग्णांसाठी इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत नैराश्यावरील उपचार सुरू केले. तेथील एका अभ्यासाचे निष्कर्ष जीन मिरांडा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले. बोधात्मक वर्तनोपचाराच्या जोडीला घर, काम, कागदपत्रे अशा अडचणींत मदत करणारा कार्यकर्ता दिला, तेव्हा उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि स्पॅनिशभाषक रुग्णांच्या लक्षणांत अधिक सुधारणा दिसली. घरभाडे थकलेल्या माणसाच्या नैराश्यावर केवळ बोलून इलाज होत नाही, हे त्यामागचे साधे सत्य.

दारापर्यंत येण्याची भीती

प्रशिक्षित उपचारक तयार झाला, तरी रुग्ण त्याच्यापर्यंत यायला हवा. विम्याचा अभाव, कामावरची सुटी बुडण्याची धास्ती, 'वेड्यांचा डॉक्टर' हा कलंक ही कारणे आहेतच. म्हणून अनेक ठिकाणी 'प्रोमोतोरा' नावाच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले जाते. आपल्याकडील आशा सेविकांप्रमाणे वस्तीतीलच या स्त्रिया घरोघर जातात, ओळखीच्या भाषेत बोलतात आणि गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत सोबत येतात. आत्महत्या प्रतिबंधासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या '९८८' या राष्ट्रीय मदतवाहिनीवर २०२३ पासून स्पॅनिशमध्ये संदेश आणि गप्पांद्वारेही मदत मिळू लागली.

मात्र या काळात धोरणाचे वारेही फिरले. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी निधीवरील सेवा समजेल अशा भाषेत मिळाव्यात, यासाठी २००० मध्ये तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काढलेला आदेश १ मार्च २०२५ रोजी रद्द झाला आणि इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा घोषित झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील भेदभावविरोधी तरतूद मात्र त्याने संपत नाही. त्यापूर्वी जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा आणि प्रार्थनास्थळे येथे स्थलांतरितांवरील कारवाई टाळण्याचे धोरणही मागे घेण्यात आले. कागदपत्रे नसलेल्या व्यक्तीला, किंवा कुटुंबातील एखाद्याकडे ती नसलेल्या नागरिकालाही, दवाखान्याची पायरी चढताना आता वेगळाच विचार करावा लागतो. भेटीत विचारलेल्या गोष्टी कोठे नोंदवल्या जातील, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. गोपनीयतेचे नियम काय आहेत आणि नोंदी किती व कशा ठेवायच्या, हे उपचारकाला शिकवणे त्यामुळे अधिकच निकडीचे झाले आहे.

दोन भाषांचा भार

शेवटी प्रश्न उरतो तो हे काम करणाऱ्यांचा. दवाखान्यात स्पॅनिश येणारा एकच समुपदेशक असेल, तर सारे स्पॅनिशभाषक रुग्ण त्याच्याकडे वळवले जातात. सहकाऱ्यांसाठी फोनवर दुभाषी होणे, पत्रके भाषांतरित करणे, कुटुंबीयांना समजावणे हे कामही त्याच्याच वाट्याला येते आणि त्याचा मोबदला बहुधा मिळत नाही. प्रतीक्षा यादी लांबते, थकवा वाढतो आणि काही वर्षांत असा माणूस खासगी व्यवसायाकडे वळतो. वांशिक अल्पसंख्य समाजातील मानसोपचारतज्ज्ञ घडविण्यासाठीची शिष्यवृत्ती १९७४ पासून दिली जात आहे. पोर्तो रिकोतील बायामोन येथील कॅरिबियन केंद्रीय विद्यापीठात २०१८ पासून काही वर्षे हिस्पॅनिक आणि लॅटिनो मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही चालवण्यात आले. असे प्रयत्न झाले, तरी ते बहुतांशी निधीच्या मुदतीला बांधलेले राहिले. निधी संपला की प्रशिक्षण थांबते, रुग्णांची रांग मात्र तशीच राहते.

फ्लोरिडातील त्या तरुणाच्या कुटुंबाला हवा होता तो 'इन्तॉक्सिकादो' म्हणजे काय, हे थांबून विचारणारा एक माणूस. अमेरिकेत चार दशकांपासून जे शिकवण्याचा प्रयत्न चालला आहे, त्याचा मथितार्थ एवढाच आहे. रुग्णाच्या शब्दाचा अर्थ आपल्याला कळला असे गृहीत धरण्यापूर्वी तो त्यालाच विचारावा, आणि उत्तर ऐकण्यासाठी व्यवस्थेने त्याला वेळ, भाषा आणि सुरक्षितता द्यावी.